लाल सोन्याची दृष्ट

आमच्या प्रयोगशाळेत अंधश्रद्धेला थारा नाही! हे मी पोलिक्सेनी मावशीला रोज ऐकवते, आणि मावशी रोज “बरं बाई” म्हणत दृष्ट लागू नये म्हणून माझ्या ॲप्रनच्या आत निळा मणी टाचते.

त्या सकाळी तर मी अगदी निर्धास्त होते. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात असले की पाणी डाळिंबासारखं लालचुटुक दिसतं. पण त्यांच्यावर औषध लादून ते रक्तात सोडावेत, तर तिथल्या मिठानं एकमेकांना चिकटून बसतात, मग रोग्याची धडगत नाही. बाटलीत असं झालं की पाणी निळं पडतं. म्हणून मी त्यांना पेप्टाइडचा, म्हणजे प्रथिनाच्या बारीक तुकड्यांचा, अंगरखा चढवला होता. परीक्षक येणार, मी मीठ घालणार, लाल ते लालच राहणार आणि माझ्या नोकरीची मुदत वाढणार! नाही राहिलं, तर सोमवारपासून मावशीकडे पिटा लाटायला.

मावशी परीक्षकांसाठी पालक भरून भाजलेली पिटा घेऊन आली. मी ताटल्या घ्यायला वळले.

“अगं आर्गिरो, काय बाई हा रंग! जीव ओवाळून टाकावा! फ्टू! फ्टू! फ्टू!”

कौतुक केल्यावर दृष्ट लागू नये म्हणून असं थुंकतात सगळेच, आमच्या सगळ्या योआनिना शहरात. नुसता आवाज काढायचा असतो. पण मावशीची कवळी नवी होती आणि बाटलीचं झाकण उघडं होतं!

“मावशी! आत पडलं!”

“पडू दे की. दृष्ट काय बाहेरून काढायची?”

लाळेत मीठ, लाळेत प्रथिनं, आणि मावशीच्या लाळेत लसूणही असणार! दुसरी बाटली नव्हती. मी हीच उजेडाकडे धरली. लाल. की जांभळट? डोळे चोळून पाहिलं. लाल. बहुतेक.

“निळं पडलं तर चांगलंच,” मावशी म्हणाली. “निळ्याला दृष्ट लागत नाही.”

“निळं पडलं तर माझी नोकरी जाईल!”

“अगोबाई! मग थांब, आणखी एकदा—”

मी बाटली ॲप्रनखाली दडवली, तेवढ्यात आमचे थेमेलिस सर परीक्षकांना घेऊन आत आले. त्यांत डॉ. दाफ्नी! ही बाई कशालाच चांगलं म्हणत नाही.

मी बाटली बाहेर काढून मीठ घातलं. लालच राहिलं!

“मिठात टिकलं,” डॉ. दाफ्नी म्हणाल्या. “पण शरीर म्हणजे का नुसतं मिठाचं पाणी? रक्त, लाळ, असं काही घालून पाहिलंय?”

सरांचा चेहरा पडला.

“लाळ ना?” पिटा कापता कापता मावशी म्हणाली. “मगाशीच घातली!”



“माझ्यासमोर घाला,” डॉ. दाफ्नी म्हणाल्या.

“उगीच कशी थुंकू? मी काय रानटी आहे? आधी कुणीतरी कौतुक करा!”

सगळे डॉ. दाफ्नींकडे पाहू लागले.

“रंग... बरा आहे,” त्या पुटपुटल्या.

“बऱ्याला कुणाची दृष्ट लागते हो?”

“सुंदर आहे!” डॉ. दाफ्नी ओरडल्या.

“फ्टू! फ्टू! फ्टू!”

आम्ही बाटलीकडे बघत राहिलो. लाल. लाल. लालच! डॉ. दाफ्नींनी नोकरीच्या कागदावर सही ठोकली, आणि मला रडूच आलं.

“काय हुशार पोरगी आहे आमची!” सर म्हणाले.

झालं! सर, परीक्षक, मावशी, सगळे माझ्याकडे वळले.

“फ्टू! फ्टू! फ्टू!”

विज्ञानाच्या बाजूनं मी काही बोलले नाही. चष्मा पुसला, आणि ॲप्रनच्या आतला मणी जागेवर आहे ना, तेवढं चाचपून पाहिलं.