आमचा मसाला आणि महादेवरावांचा कुलर

ज्या माणसाने उभी हयात वीज मंडळात काढली, त्याला मसाला करणं काय अवघड? जिन्नस भाजायचे, एकत्र करायचे, कांडपावर न्यायचे आणि डबा भरून घरी यायचं. एवढ्याशा कामासाठी बायका दरवर्षी मे महिन्यात घर डोक्यावर का घेतात, हे मला कधी कळलं नाही. हे मी शालूला, म्हणजे माझ्या बायकोला, तोंडावर सांगितलं. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून सांगायची हिंमत झाली.

न्हाणीघरात पाय घसरून तिचं मनगट मोडलं होतं. आमच्या घरी वर्षभर एकच मसाला चालतो. वांग्याची भाजी असो, पातोडीचा रस्सा असो, नाही तर साधं बेसन असो, चमचा त्याच डब्यात जातो. जुना डबा तळाला लागला, तशी शालू एक दिवस म्हणाली, "यंदा पाकिटातला आणून खाऊ." ज्या आवाजात ती हे म्हणाली, त्या आवाजात माणसं दवाखान्यातून आणलेला रिपोर्ट वाचतात. मला राहवलं नाही.

"पाकीट कायले? मी आहे ना," मी म्हणालो.

"तुमी?"

"हो, मी."

ती प्लास्टरच्या हाताकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून काम सुरू झालं. शालू स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली आणि चांगल्या हाताने मला ट्रॅफिक पोलिसासारखे इशारे करू लागली. धने झाले. तीळ झाले. खसखस, कलमी, लवंग, दगडफूल, सगळं तिच्या इशाऱ्यावर कढईत गेलं आणि बाहेर आलं. खोबरं एका बाजूने जरा काळं पडलं, ते मी तिची नजर चुकवून खाऊन टाकलं. भाजक्या धन्यांचा असा वास सुटला होता की मला स्वतःबद्दल आदर वाटू लागला.

राहिल्या मिरच्या. भिवापुरी, लालभडक, टोपलंभर.

"त्या भाजू नका," शालू म्हणाली. "उन्हात कडक झाल्या का पुरे. आपलं ऊन काय कमी आहे?"

"तेलावर परतल्या की रंग येते. मी मोबाइलवर पाह्यलं."

"मोबाइलवाल्याच्या घरी ठसका लागत नसंन. आपल्याले लागते."

मला तिचं म्हणणं अर्धं पटलं. घरात ठसका नको, तर बाहेर भाजू. आमच्या आणि शेजारच्या महादेवरावांच्या घरांच्या मधून एक अरुंद बोळ आहे. मधे कंबरेएवढी भिंत, दुपारपर्यंत सावली. तिथे मी छोटी शेगडी मांडली, नाका-तोंडावर ओला दुपट्टा बांधला, कढईत तेल सोडलं आणि पहिली ओंजळ टाकली.

काय सांगू तुम्हाला, धूर माझ्याकडे आलाच नाही. एक वेटोळं वर उठायचं, जरा थबकायचं आणि कोणी बोलावल्यासारखं भिंतीपलीकडे निघून जायचं. ना शिंक, ना ठसका. मी मनात म्हटलं, याला म्हणतात हातखंडा. शालूला दाखवायला हवं. मी दुसरी ओंजळ टाकली. मग तिसरी.

त्या भिंतीपलीकडे महादेवरावांच्या बैठकीची खिडकी होती. खिडकीला कुलर होता. आणि कुलर बाहेरची हवा ओढून आत फेकत असतो, हे वीज मंडळातल्या माणसाला वेगळं सांगायला नको होतं.

त्याच वेळी त्या बैठकीत अकोल्याचे पाहुणे बसलेले होते. महादेवराव आदल्या दिवशीच मला म्हणाले होते, "भाऊ, उद्या आमच्या आकांक्षाले पाहाले येऊन राहिले. पोरगा इंजिनीअर आहे, घर चांगलं आहे. जमल्यातच जमा." आकांक्षा वलगावच्या शाळेत शिकवते. तेव्हा ती मागे कपडे वाळत घालत होती. मी तिचं अभिनंदन केलं, तर ती "हो काका" म्हणाली आणि ओली चादर तशीच बादलीत टाकून आत गेली. मला वाटलं, पोरगी लाजली.

आता पलीकडून आधी खोकला ऐकू आला. मग दोघातिघांचा खोकला. मग कोणीतरी बाई मोठ्याने "अरे देवा" म्हणाली, आणि पाठोपाठ हुंदक्यासारखे आवाज येऊ लागले. शेगडीवरच्या मिरच्या तशाच टाकून मी धावलो. पुढच्या दाराने त्यांच्या बैठकीत पाहतो, तर सगळी खोली रडत होती. महादेवराव डोळ्याला रुमाल लावून. त्यांची बायको पदर लावून. पाहुणीबाई दोन्ही हातांत तोंड झाकून. पोह्यांच्या बशा तशाच पडलेल्या.

पाहुण्यांच्या घरून काहीतरी वाईट फोन आला, दुसरं काय असणार? मी चेहरा लांब केला, हळूच महादेवरावांच्या शेजारी टेकलो आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"कधी झालं?" मी विचारलं.

महादेवरावांनी मान हलवली. त्यांच्याने बोलवेना. त्यांनी नुसतंच बोट वर केलं. मला वाटलं, देवाकडे दाखवून राहिले.

"त्याच्यापुढं कोणाचं चालते भाऊ," मी म्हणालो. "आजारी होते काय?"

त्यांनी बोट आणखी जोरात हलवलं. ते देवाकडे नव्हतं, कुलरकडे होतं. खोलीत कोंदट वाटतंय म्हणून त्यांनी नुकताच तो फुल केला होता. अशा प्रसंगी तोंड बांधून बसणं बरं दिसत नाही म्हणून मी दुपट्टा सोडला, आणि पहिल्याच श्वासाला मला सगळी हकिगत कळली. बोळात कढईतल्या मिरच्या आता काळ्या होऊन जळत होत्या.

"बाहेर चला," मी म्हणायला गेलो, पण तोंडातून शिंका निघाल्या.

तेवढ्यात आकांक्षा आतून आली. तिने ओढणी नाकाला लावली, सरळ कुलरचं बटण बंद केलं, पाहुणीबाईंचा हात धरला आणि त्यांना अंगणात नेलं. मग परत आत जाऊन आईला घेऊन आली. मी भिंतीवरून उडी मारून शेगडी विझवली. उडी म्हणजे, चढलो आणि पलीकडे पडलो.

पुढच्या अंगणात आलो तेव्हा आकांक्षा पाहुणीबाईंच्या डोळ्यांवर माठातल्या पाण्याच्या घड्या ठेवत होती. त्यांचं नाव पार्बताबाई. शालूही आमच्याकडून एका हाताने ताकाचा तांब्या घेऊन आली होती.

"अमोल कुठी आहे?" पार्बताबाईंनी डोळे मिटूनच विचारलं.

अमोल म्हणजे नवरा मुलगा. मी इकडेतिकडे पाहिलं. मुलगा गाडीत होता. पहिला ठसका लागल्याबरोबर तो किल्ली घेऊन सगळ्यांच्या आधी बाहेर पडला होता. काचा वर, एसी चालू. पार्बताबाई उठल्या, चाचपडत गाडीपाशी गेल्या आणि काचेवर टकटक केली.

"अमोल, दार उघड. मले बसू दे जरा."

काच बोटभर खाली आली. "आई, उघडलं तं धूर आत येईन. तू तिकडंच थांब ना थोडा वेळ."

आणि काच वर गेली.

मी माझ्याच घराकडे बघत उभा राहिलो. पार्बताबाई तिथे उन्हात क्षणभर तशाच उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते आता सगळंच मिरचीचं नसावं. आकांक्षा गेली, त्यांच्या डोक्यावर आपली ओढणी धरली आणि त्यांना सावलीत आणून बसवलं.

बाई ताक प्यायल्या. मग आकांक्षाचा हात धरून त्या म्हणाल्या, "पोरी, खरं सांग. तुले हा पसंत आहे काय?"

आकांक्षाने वडिलांकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

"काकू, मले कोणी विचारलंच नाही."

"मग आता मी विचारून राहिली."

"नाही," आकांक्षा म्हणाली. हळू म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

महादेवराव पुढे सरसावले. पार्बताबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. "पोरीले काही म्हणू नका भाऊ. तिच्या जागी मी असती तं मीबी हेच म्हटलं असतं. माहा पोरगा वाईट नाही, पण त्याले अजून मायकडं पाहाता येत नाही. बायकोकडं काय पाहीन? त्याले आधी मी शिकवीन, मग पुढचं पाहू."

जाण्याआधी त्या बोळात गेल्या आणि माझ्या कढईत वाकून बघितलं. टोपल्यात उरलेल्यांतली एक मिरची त्यांनी बोटांत धरून मोडली. ती कडकन मोडली.

"ह्या तं वाळलेल्याच आहेत," त्या म्हणाल्या. "भाजल्या कावून?"

शालूने माझ्याकडे पाहिलं. मी शेगडीकडे पाहिलं.

गाडी गेली. जाताना पार्बताबाई मागच्या सीटवर बसल्या होत्या आणि पुढे बसलेल्या इंजिनीअरला काहीतरी सांगत होत्या. काचा खाली होत्या.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. जमलेलं लग्न मोडलं, तेही माझ्या मिरच्यांनी. महादेवरावांना तोंड कसं दाखवावं? शालूने उरलेल्या मिरच्या, धने, खोबरं सगळं एकत्र करून मला कांडपावर पाठवलं. मसाला आला, रंग तर असा की कुंकवाने लाजावं. पण मी तो बघितला नाही नीट.

दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवराव दारात उभे. मी म्हटलं, आलं आता. त्यांनी आत येऊन माझे दोन्ही हात धरले.

"भाऊ, रात्रभर झोपलो नाही. पोरीच्या लग्नाचा हॉल पाहून ठेवला, आचारी ठरवला, अन् पोरीले विचारायचंच राहिलं. काल ती सगळ्यांसमोर बोलली, तवा कळलं. तिनं आज किती महिन्यांनी माह्यासोबत बसून चहा घेतला." त्यांनी माझे हात आणखी घट्ट दाबले. "तुमच्या मिरच्यायचे उपकार आहेत."

शालूने त्यांना वाटीभर नवा मसाला बांधून दिला. पाठोपाठ आकांक्षा आली आणि म्हणाली, "काका, थँक्यू." मग म्हणाली, "पण पुढच्या वेळी सांगून भाजा." त्या दिवशी आमच्याकडे वांग्याची भाजी झाली. एवढी चांगली भाजी मी कधी खाल्ली नव्हती. आणि कधी नव्हे ते मी शालूला तसं म्हणालो. इतकी वर्षं ती हे सगळं एकटीने, कोणाचं लग्न न मोडता, करत आली होती. ती हसली आणि चांगल्या हाताने मला अजून एक फोड वाढली.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं होतं. पण कॉलनीत बातमीला पाय असतात. परवा पलीकडच्या गल्लीतले जानराव आले. पाणी प्याले, हवापाण्याचं बोलले. मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "देवीदासभाऊ, रविवारी आमच्या सीमाले पाहाले येऊन राहिले. पोरगा कसा आहे, काही समजत नाही. आमचाबी कुलर बोळाकडंच आहे. तुमी सकाळी थोडा वेळ येसान काय?"

मी स्पष्ट नकार देण्यासाठी तोंड उघडलं. तेवढ्यात आतून शालूचा आवाज आला, "भिवापुरी संपल्या आहेत. त्याइले सांगा, मिरच्या तुमच्या आणाव्या लागतीन."