मासोळी वर्ज्य

तिरोड्यात माझ्यासारखा वैद्य नाही, असं मीच सांगायचो, कारण दुसऱ्या कोणाला ते सुचत नव्हतं. नाडीवर बोट ठेवलं की रोग्याच्या पोटात काय आणि घरात काय, सगळं मला कळे. माझ्या पुडीपेक्षा पथ्य जालीम!

स्वराज्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. चैत्रात माझी बायको मंदाबाई तापाने गेली. औषध माझंच चालू होतं. तेरावं उरकून लगेच दवाखाना उघडला, कारण घरात बसवत नव्हतं.

आणि तेव्हापासून प्रत्येकाच्या नाडीत मला एकच गोष्ट सापडू लागली. खोकला? मासोळी वर्ज्य. बकारामचा गुडघा? मासोळी वर्ज्य. केशोरावांच्या सुनेला दिवस राहत नव्हते, तर अख्ख्या घराला वर्ज्य!

गावाने आपली अक्कल लढवली. वैद्य उगाच सांगणार नाही, बोदलकशाच्या तलावाच्या पाण्यातच काहीतरी शिरलंय. मग बाजारात तलावाची मासोळी कोणी हातात धरेना.

धुरपता ढिवरीण भरली टोपली घेऊन माझ्या दारात येऊन बसली. तिची चूल त्या टोपलीवरच पेटायची.

"वैदजी, बकारामच्या टोंगऱ्याले मासोरी काऊन वर्ज्य?"

मी वात, पित्त, कफ असं बरंच बोललो. तिने ऐकून घेतलं.

"मंदाबाई दर बाजारी माझ्यापासून मासोरी नेत होती," ती म्हणाली. "ते गेली, अन् तुम्ही साऱ्या गावाची बंद केली."

मी भयंकर चिडलो. तिला हाकलणारच होतो. पण शेजारी मासोळी शिजली की मी खिडकी लावून घेतो, हे नेमकं तेव्हाच आठवलं.

चूक जाहीरपणे निस्तरावी म्हणून पुढच्या बाजारी सगळ्यांदेखत धुरपताच्या हातचा रस्सा खायला बसलो. पहिल्याच घासाला डोळ्यांतून धार लागली. थांबेच ना.

"पाहा, वैदच मरून राहिला!" बकाराम ओरडला आणि दुखरा गुडघा घेऊन सगळ्यांच्या पुढे पळाला. त्याच्यामागे बाजार उठू लागला. धुरपता टोपलीजवळ बसून माझ्याकडे बघत राहिली.

शेवटी मला ओरडून सांगावं लागलं, "मासोळी चांगली आहे. माझी बायको गेली आहे."

लोक थांबले. केशोराव परत फिरले आणि त्यांनी मासोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी बकाराम आला. पळून पळून गुडघा आणखी सुजला होता. मी नाडी धरली, डोळे मिटले आणि म्हणालो, "वांगी..."

तिथेच जीभ चावली. मंदाबाई वांगीसुद्धा फार छान करायची.