रजेवरच्या माणसाचा चार्ज

नळखात्याच्या कचेरीतल्या रेकॉर्डकीपरने एकवीस वर्षांत एकदाही चार दिवसांपेक्षा मोठी रजा घेतली नव्हती. तेवढी घेतानासुद्धा अर्जात तो निम्मं पान दिलगिरी लिहायचा. यंदा मात्र बायकोने त्याला समोर बसवून सांगितलं, "एक महिना समुद्रावर. ह्या वेळी अर्ध्यातून परत आलात, तर मी पुन्हा कधी म्हणून विचारायची नाही." ती हे शांतपणे बोलली, म्हणूनच तो घाबरला.

अर्ज मंजूर झाला. राहिला प्रश्न चार्जचा. रजेवर जाणाऱ्याने छापील फॉर्मवर आपला कार्यभार दुसऱ्याच्या हवाली करायचा, देणाऱ्याने डावीकडे सही करायची, घेणाऱ्याने उजवीकडे, ही कचेरीची रीत. रेकॉर्डकीपरने आजूबाजूला नजर टाकली. एकाला फाइलींचा क्रम कळत नव्हता, दुसरा फाइलीवरच चहाचा कप ठेवायचा. पाण्याच्या जोडणीसाठी दोन-दोन वर्षं थांबलेल्या लोकांचे अर्ज असल्या हातात द्यायचे, ही कल्पनाच त्याला सहन होईना. शेवटी त्याने डावीकडे सही केली आणि मन घट्ट करून उजवीकडेही स्वतःचीच सही ठोकली. मोठ्या साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता खाली सहीचा कोंबडा काढला.

समुद्रावर पहिले दोन दिवस त्याने पाण्याकडे पाठ करूनच काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी बायको अंघोळीला गेल्याची संधी साधून त्याने लॉजच्या काउंटरवरून कचेरीत फोन लावला. आवक-जावक बघणाऱ्या बाईंनी उचलला.

"बाई, रेकॉर्डचं कसं चाललंय? चारशे बाराची फाइल कुणी हलवली नाही ना?"

"ते मला काय माहीत? थांबा, त्यांनाच देते. इथे समोरच बसलेत."

"कोण बसलंय?"

"रेकॉर्डकीपर. दुसरं कोण बसणार त्या खुर्चीत?"

मग रिसीव्हर हातातून हातात गेल्याचा आवाज आला. कुणीतरी घसा खाकरला, आधी दोनदा आणि जरा थांबून तिसऱ्यांदा. असा घसा जगात एकच माणूस खाकरत असे आणि तो ह्या क्षणी लॉजच्या काउंटरपाशी उभा होता. "बोला," पलीकडून त्याचाच आवाज म्हणाला. आवाज फार दमलेला होता. रेकॉर्डकीपरने फोन ठेवला.

बायकोला त्याने सांगितलं, "एक सही राहिलीय. संध्याकाळपर्यंत येतो." ती खिडकीकडे तोंड करून ओले केस विंचरत राहिली. त्याला फार वाईट वाटलं, पण पाय बसस्टॉपकडे वळलेच.

कचेरीत शिरल्यावर, 'अरे, तुम्ही तर रजेवर ना?' असं कुणीतरी म्हणेल अशी त्याची अपेक्षा होती. कुणी मान वर केली नाही. खुर्ची रिकामी होती. टेबलावर अर्धा कप चहा होता आणि त्यातून वाफ निघत होती. चारशे बाराची फाइल उघडी होती, तिच्यावरचा शेरा त्याच्याच अक्षरात होता आणि शाई अजून ओली होती. तो दबकत खुर्चीत टेकला. बैठक चांगली गरम होती. नुकतंच कुणीतरी उठून गेलं असावं, नाहीतर उठलंच नसावं. तो तसाच ताडकन उभा राहिला आणि साहेबांच्या खोलीत गेला.

"साहेब, मी रजेवर आहे."

साहेबांनी ड्रॉवरमधून फॉर्म काढला. "रजेवर ते गेलेत. तुम्ही चार्ज घेतलाय. ही काय तुमची सही."

"पण साहेब, ते म्हणजे मीच."

"असाल. मी कुठे नाही म्हणतोय? पण चार्ज सोडायचा तर घ्यायला माणूस लागतो. ते महिनाभराने हजर होतील, तेव्हा त्यांना द्या आणि सुटा." साहेबांनी चष्मा पुसला. "तोवर जागा सोडू नका. मघाशी पाच मिनिटं दिसला नाहीत, तर मला चुकल्याचुकल्यासारखं झालं."

संध्याकाळी शेवटची बस चुकली, तेव्हा त्याने लॉजवर फोन लावला. बायकोची माफी कशी मागायची, ह्याची चार वाक्यं त्याने कागदावर लिहून घेतली होती.

"हॅलो, मी बोलतोय. आज येणं काही जमत नाही."

"कोण मी?" बायको हसत होती. इतकं मोकळं हसणं त्याने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ऐकलं होतं. "ऑफिसातून बोलताय का? आवाज अगदी आमच्या ह्यांच्यासारखा आहे हो तुमचा. ते दुपारीच परत आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात पाय सोडून बसलेत मघापासून. बोलवू का?"

त्याने समोरच्या कागदाकडे पाहिलं. एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं.

"नको, बसू द्या. बरे आहेत ना?"

"बरे म्हणजे? एकवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलतायत, फाइली सोडून. काही अडलं असेल तर तुमचं तुम्हीच बघा भाऊ. त्यांना नका त्रास देऊ."

त्याने रिसीव्हर ठेवला. मत्सर वाटला, रडूही आलं. पण तिचं हसणं कानातून जाईना, आणि मग त्याने चारशे तेराची फाइल ओढली.

चौथ्या आठवड्यात टपालातून एक अर्ज आला. अक्षर त्याचंच, पण जरा ऐसपैस. 'रजा आणखी दोन महिने वाढवून मिळावी.' दिलगिरीचा एक शब्द नव्हता. नियमाप्रमाणे चार्ज ज्याच्याकडे, त्याची शिफारस लागणार होती. नाही म्हणायला पेनचा एक फटकारा पुरेसा होता. मग रजा संपली असती, तो माणूस इथे आला असता आणि ती खिडकीकडे तोंड करून बसली असती.

त्याने तीन वेळा घसा खाकरला, 'शिफारस आहे' लिहिलं आणि अर्ज आवक-जावकच्या बाईंकडे नेला.

"आणखी दोन महिने?" बाईंनी अर्ज वाचून नाक मुरडलं. "लोकांच्या मनाला काही लागत तरी कसं नाही हो?"

"पूर्वी लागायचं त्यांच्या," रेकॉर्डकीपर म्हणाला. "आता इथे मी आहे ना."