धाकूमिस्त्रींचं माप

धाकूमिस्त्री नव्या माणसाला नाव विचारत नसत. डोक्यापासून पायापर्यंत बघून सांगत, "पाच फूट सहा इंच." माझ्या लग्नात सासऱ्यांनाही त्यांनी सुनावलं होतं, "उंची बरी आहे, पण पोटाकडं फळी जास्त लागेल." सासरे आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

मिस्त्री ठाण्याच्या चाळीतले आमचे शेजारी, आणि मी होतो त्याच बटणांच्या कारखान्यात खोकी करणारे सुतार. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. खिशात घडीची पट्टी कायम. पडवळ घेतानाही ती बाहेर निघे. भाजीवाली म्हणे, "मिस्त्री, पडवल खावाचाय का दाराला लावाचाय?" पण तीस वर्षांत त्यांचं खोकं पाव इंचानं चुकलं नव्हतं, हेही खरं.

स्वराज्य आलं आणि दोन-तीन वर्षांत साहेबानं कारखाना आफ्रिकेत न्यायचं ठरवलं. आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. एका सोमवारी मिस्त्री बटणांची खोकी सोडून एका यंत्राला पट्टी लावताना दिसले. शनिवारी ते यंत्र खोक्यात बसून बोटीवर गेलं आणि त्यावरचा गडी घरी बसला.

मग मिस्त्री खात्यात शिरले की सगळे आधी त्यांच्या खिशाकडे बघत. कुणी पुढे होऊन तंबाखू देई, कुणी तोंड फिरवी. "मी काय यम आहे का रे?" असं ते मला विचारत, पण हसत नसत. सगळ्यात शेवटी घरी जाणार ते मिस्त्रीच, कारण शेवटच्या यंत्रालाही खोकं लागणार होतं. मला त्यांचा हेवा वाटे आणि भीती तर फारच वाटे. बायकोला आठवा लागला होता, अन् या पगाराशिवाय आमच्याकडे दुसरं काही नव्हतं.

अखेर ते माझ्या यंत्रापाशी आले. माझ्याकडे न बघता त्यांनी माप घेतलं. माझं लक्ष त्यांच्या पट्टीवर होतं, तेवढ्यात चार-पाच बटणं वाकडी निघाली.

शनिवारी यंत्र उतरवून खोक्याशी नेलं, तर ते आत जाईना. खोकं दोन इंच कमी पडलं होतं. नवं होईपर्यंत बोट निघून गेली. साहेबानं मिस्त्रींना त्याच दिवशी कामावरून काढलं. यंत्र परत जागेवर चढलं. पुढची बोट दीड महिन्यानं होती, तोवर मला काम होतं.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. ते पटाशी, रंधा पिशवीत भरत होते.

"मिस्त्री, हे चुकून झालेलं नाही," मी म्हणालो.

त्यांनी पटाशीला चिंधी गुंडाळली. मग म्हणाले, "शंकर, सूनबाईचे दिवस कधी भरतात?"

"पुढल्या महिन्यात."

"मग पुरेल," ते म्हणाले आणि पिशवीचं तोंड बांधायला लागले.