तोंड मिटून सांगा

१९७३, फेब्रुवारीतला पहिला शुक्रवार. रक्कम साडेसात रुपये. हजर : बत्तीस विद्यार्थी, प्राचार्य आणि हिशेबनीस म्हणून मी. आमच्या कृषी महाविद्यालयातले सोनटक्के सर टेबलावर चढून ज्वारीचं ताट झाले होते. पाणी तुटलं की ताट कसं मान टाकतं, हे दाखवताना टेबलाचा पाय मोडला.

देवळालीचा एक विद्यार्थी त्यांना उठवत म्हणाला, "सर, ज्वारी लई भारी आली हुती!"

सरांनी मान टाकलेलीच ठेवली. "तोंड मिटून सांगता आलं, तरच समजलं," हा त्यांचा सिद्धांत. इतर प्राध्यापक टिपणं सांगत. सर मूळ होत, गांडूळ होत, एकदा तर युरियाचं पोतं झाले. त्यांच्या तोंडी परीक्षेत विद्यार्थ्यांना बोलायला बंदी होती.

प्राचार्य कडाडले, "सोनटक्के, हा तमाशाचा फड नाही! सोमवारपासून खुर्चीत बसून टिपणं सांगायची, नाहीतर तास दुसऱ्याला. आणि टेबलाच्या पायाचे साडेसात रुपये पगारातून."

पैशांचं सरांना काही वाटलं नाही. टिपणं म्हटल्यावर मात्र चेहरा उतरला.

संध्याकाळी कपातीच्या कागदावर सही घ्यायला मी शेजारी त्यांच्या घरी गेलो. दार उघडं होतं. सर जमिनीवर पालथे पडून मुळांसारख्या बोटांनी फरशी चाचपडत होते. समोर त्यांच्या पत्नी, माई, मेथी निवडत होत्या. माईंना ऐकू येत नसे. त्यांनी मान हलवली : नाही कळलं. सर मागे सरकले, पुन्हा आले. या वेळी सगळी बोटं एकाच बाजूला वळली. माई हसल्या आणि त्यांनी पाण्याचा तांब्या बोटांपाशी सरकवला.

"समजलं!" सर ओरडले. मग त्यांना मी दिसलो.

"लग्नात हिला शब्द दिला होता, मी शिकेन ते तुलाही शिकवीन. तिसऱ्या वर्षी विषमज्वरात कान गेले. तेव्हापासून तास हिचाच असतो, जोशी. कॉलेजात मी फक्त उजळणी करतो." जरा थांबून म्हणाले, "टिपणं वाचेल हो ती. पण तांब्या सरकवणार नाही."

मी सही न घेताच परतलो. शनिवारी प्राचार्यांना पाहिलं तेवढं सांगितलं.  टेबल दुरुस्तीला आलेल्या सुताराला त्यांनी आत बोलावलं.

"नुसता पाय बदलून भागेल?"

"न्हाई साहेब. आडव्या पट्ट्या माराव्या लागतील. सरांचं काय, उद्या बैल बी व्हतील."

"वर किती?"

"दीड रुपया."

प्राचार्यांनी कपातीचा कागद फाडला.

एकूण नऊ रुपये, खातं 'अध्यापन साहित्य', सुताराला रोख दिले.