रोझ आंटींच्या डब्याला पर्याय

शनिवारी दुपारी मी लॅपटॉपवर एक एक्स्टेन्शन टाकलं. एवढंच. कुठे खिळा ठोकला नाही, स्क्रू पिळला नाही, कुणाच्या वाटेला गेलो नाही. तरी चिंचपोकळीच्या आमच्या चाळीचा अख्खा दुसरा मजला त्या दिवसापासून माझ्याशी तिरका बोलतोय.

मी रमाकांत परब, विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर असतो. (दुसऱ्यांची नुकसानं तपासायचा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. स्वतः करायचा त्याहून जास्त.)

आमच्याकडे पाणी चार ते पाचच्या मध्ये कधीतरी येतं आणि वीस मिनिटांत जातं. ते आल्याचं कळवायचं काम रोझ आंटींचा डबा करतो. त्यांची खोली टोकाला, पाणी आधी त्यांच्या नळाला येतं. नळ उघडा ठेवून खाली बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा उपडा घालायचा. पाणी आलं की डबा तडतडतो आणि मजलाभर पिंपं सरकायला लागतात. तीस वर्षं हे असंच चाललंय.

त्या दिवशी दुर्गा, म्हणजे आमची ही, दादरला खरेदीला निघाली. दुसऱ्या दिवशी माझ्या सासऱ्यांची, अप्पांची, पंचाहत्तरी होती. तीस माणसं जेवायला, आणि रविवारी पाइपाच्या कामासाठी पाणी दिवसभर बंद.

"डबा वाजला की दोन्ही पिंपं भरा," ती म्हणाली. "बाकी कशाला हात लावू नका. आणि ते वायरींचं तर अजिबात नको."

वायरींचं, कारण गेल्या दिवाळीत मी लुकलुकणारा कंदील केला होता. तो एकदाच लुकलुकला, मग सगळा मजला अंधारात.

पण मला वायरींची गरजच नव्हती. आमची स्पृहा पुण्याला इंजिनीअरिंगला आहे. तिनेच फोनवर सांगितलं होतं, "बाबा, पार्ट्स आणायच्या आधी कोड एडिटरमध्ये हार्डवेअर सिम्युलेटरचं एक्स्टेन्शन टाका. बोर्ड, वायरी, बझर, सगळं स्क्रीनवर असतं. काही जळलं तरी काही जळत नाही."

इन्स्टॉलचं बटण दाबलं आणि काय सांगू, पाचवीत सायकल मिळाली होती तेव्हाही मी इतका खूश नव्हतो. स्क्रीनवर हिरवा बोर्ड आला. लाल वायर, काळी वायर, बझर. पाण्याचा सेन्सर काही सापडेना, म्हणून त्याच्या जागी एक गोल खुंटी बसवली. खुंटी माउसने फिरवली की पाणी चढतं. कोड लिहिला (स्पृहाने पाठवला, मी चिकटवला), आवाज नीट यावा म्हणून आरतीचा स्पीकर जोडला आणि खुंटी फिरवली.

असा काही भोंगा वाजला की मिनिटभरात गॅलरीत बादल्याच बादल्या.

"पाणी कुठाय?" शेजारच्या इरावतीवहिनींनी विचारलं.

"पाणी नाही, अलार्म आहे," मी म्हणालो, आणि सगळ्यांना आत बोलावून बोर्ड दाखवला. टाकी शून्य टक्के, टाकी शंभर टक्के. लोक बघतच राहिले. माझी छाती शर्टात मावेना. त्याच भरात मी रोझ आंटींना म्हणालो, "आंटी, आता तुमचा डबा रिटायर करा."

"नक्की ना, रमाकांत?"

"आंटी, हे सायन्स आहे."

त्यांनी नळ बंद केला, डबा पुसला आणि त्यात नानकटाया भरल्या. लोक निवांत आडवे झाले. मी स्क्रीनसमोर बसलो. टाकी शून्य टक्के.

स्क्रीनवरच्या टाकीचा आणि पालिकेच्या पाण्याचा काडीचाही संबंध नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आनंदाच्या भरात ते डोक्यातून गेलं.

सव्वाचारला रोझ आंटींचे मिस्टर, रुपर्ट अंकल, दारात आले. "रमाकांत, पाणी आलंय."

"शक्य नाही अंकल. अलार्म वाजलेला नाही."

"अरे, हात धुवून आलो आत्ता."

"पाइपातलं साठलेलं असेल. हे बघा, शून्य टक्के."

अंकलनी स्क्रीनकडे पाहिलं, मग स्वतःच्या ओल्या हातांकडे पाहिलं. गोदीत पस्तीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस, क्षणभर त्यालाही शंका आली. नंतर म्हणाले, "तू बस. मी चाललो भरायला."

मग मला आठवलं, खुंटी मी फिरवल्याशिवाय ही टाकी कधीच भरणार नव्हती. मी मोरीत धावलो, सगळा मजला धावला. आमच्या वाट्याला अर्धी बादली आली आणि नळ खाकरून गप्प झाला.

साडेपाचला दुर्गा आली. पिशव्या ठेवल्या, पिंपाचं झाकण उचललं.

"डबा वाजला नाही?"

"डबा काढला."

"का?"

मी तिला समजवायला गेलो. बोलून पटेना म्हणून खुंटी फिरवून दाखवली. भोंगा वाजला, टाकी शंभर टक्के झाली आणि मजला परत बादल्या घेऊन धावला. त्यानंतर गॅलरीत जे शब्द ऐकू आले ते इथे देत नाही.

दुर्गाने फोन घेतला आणि तीसही पाहुण्यांना एकेक करून सांगितलं, "आहेर आणू नका, पाणी आणा."

रविवारी अप्पांना औक्षण झालं आणि पायाशी बाटल्यांचा ढीग लागला. मेहुणी सुमेधा वीस लिटरचा जार घेऊन जिना चढली. आपल्या घरातली दोन भरलेली पिंपं रुपर्ट अंकलनी आणून ठेवली. अप्पा एवढंच म्हणाले, "जावईबापू, पंचाहत्तर वर्षांत असा आहेर पाहिला नव्हता."

संध्याकाळी मजल्याची मीटिंग झाली. डबा सन्मानाने परत नळाखाली गेला. मला शिक्षा अशी की दर शनिवार-रविवारी चार ते पाच त्याच्याजवळ स्टुलावर बसायचं आणि पहिला थेंब पडला की सगळ्यांची दारं ठोठावायची.

स्पृहा व्हिडिओ कॉलवर हसत सुटली. "म्हणजे बाबा, सिम्युलेटरमध्ये नव्हता तो सेन्सर आता तुम्ही."

मला जरा बरं वाटलं. निदान मशिनीत जागा तर मिळाली.

आतून दुर्गा म्हणाली, "म्हणूनच डबा ठेवलाय हो. हा सेन्सर सव्वाचारला घोरायला लागतो."