बिराजदार सरांची कुजबुज

आमचे शेजारी बिराजदार सर घरात बोलले की गावाला कळतं. अणदूरच्या शाळेत त्यांनी जन्मभर पीटी शिकवली. माईक बिघडला म्हणून तिथलं झेंडावंदन कधी अडलं नाही. सर निवृत्त झाले, आवाज मात्र अजून नोकरीत आहे. "चहा टाकलाय, या!" असं ते कुंपणावरून मला म्हणतात, तेव्हा मागच्या गल्लीतलेही दोघं-तिघं येतात. वाक्याच्या शेवटी "कळलं का?" ठरलेलं. देवापुढंसुद्धा! "सगळ्यांला बरं ठेव. कळलं का?"

बायको वारल्यापासून सर एकटेच राहतात. यंदाच्या उन्हाळ्यात त्यांना हायवेच्या कडेला, सिमेंटच्या पाइपात रडणारं कुत्र्याचं पिल्लू सापडलं. एक कान उभा, एक पडलेला. शर्टात गुंडाळून त्यांनी ते घरी आणलं, खाली सोडलं आणि मोठ्या प्रेमानं म्हणाले, "घाबरायचं न्हाय! कळलं का?"

पिल्लू जागच्या जागी मुतलं आणि पलंगाखाली गेलं.

दोन दिवस ते बाहेर आलं नाही. दूधही तसंच. तिसऱ्या दिवशी सर आमच्याकडे आले ते नापास झालेल्या पोराचा चेहरा घेऊन. "काही खात न्हाय ओ ती. काय करावं?"

माझी बायको म्हणाली, "सर, तुम्ही जरा हळू बोला की."

"मी हळूच बोलतो!" सर म्हणाले. आमच्या मांडणीवरची ताटं वाजली.

पण त्यांनी ते मनावर घेतलं. फाटकावर पाटी लागली: 'आत पिल्लू आहे. हळू बोला.' भाजीवाल्याकडून मेथी खुणेनं घेतली जाऊ लागली. कुकरची शिटी नको, म्हणून वरण-भात आमच्याकडून. शिंक आली की सर नाक दाबून अंगणात पळत. आणि दुपारभर फरशीवर पालथे पडून पलंगाखाली बघत कुजबुजत, "बा पुट्टी, बा." ही त्यांच्या आईची कानडी: ये गं बाळे, ये. पिल्लू दूध प्यायला लागलं, पण हात पुढं केला की मागं सरके. मग सरही हात मागं घेत.

नवव्या दिवशी सरांचा फोन आला. अगदी खोल आवाज. "लगेच या. दार वाजवू नका."

माझ्या मनात नको ते आलं. तसाच अनवाणी धावलो.

सर भिंतीला टेकून, पाय पसरून बसले होते. त्यांच्या पावलावर मान टाकून पिल्लू घोरत होतं.

"आपणहून आली," सर पुटपुटले. डोळे भरलेले. "पाय पार बधिर झालाय, पण हलवणार न्हाय. तेवढा गॅस बंद करा, दूध उतू चाललंय."

गॅस बंद करून आलो, तर सर पिल्लाकडेच बघत होते.

"आमचा महेश पण असाच. मी घरात आलो की पलंगाखाली जायचा. मला वाटायचं, पोराला शिस्त लागली."

महेश पुण्याला असतो. आईशी तासन्‌तास बोलायचा. ती गेल्यावर त्याचा फोन दिवाळीपुरताच.

सरांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. "लावून द्या त्याला."

"हॅलो?" पलीकडून महेश.

"जेवलास का बाळा?" सरांनी हळूच विचारलं.

महेशनं विचारलं, "कोण बोलतंय?"

सर हसले. गालावरून पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलंही नाही. "अप्पा बोलतोय रे."

"अप्पा? आवाज ओळखूच आला नाही. बरे आहात ना?"

"लई बरा हाय. तू बोल, मी ऐकतो."

आणि महेश बोलत राहिला.